मापाची पट्टी

“पट्टी कुठंय?”

स्टुडिओत पाऊल ठेवल्यावर बापूंनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मुलगी कशी आहे, तीन जिने चढून आल्यावर घोटभर पाणी मिळेल का, यातलं काही नाही. भिंतींना टेकवून दाराएवढाले काळे-पांढरे फोटो उभे होते आणि पहिल्याच फोटोसमोर बापू मान वाकडी करून थांबले होते. उजवा हात कोटाच्या खिशात. डाव्या हाताने चष्मा नाकावर चढवून त्यांनी पुन्हा विचारलं, “भिंगरे, पट्टी कुठंय?”

“पट्टी नाही ठेवली, बापू.”

“विसरलीस?”

“विसरले नाही. ठेवलीच नाही.”

वहिनी थर्मास घेऊन दारातच थबकली. झालं, अजून थर्माससुद्धा टेकवला नाही आणि सुरू, असं तिच्या मनात आलं. या घरात येऊन तिला वीसेक वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांचं एक तिला पक्कं ठाऊक होतं. बापू रागावले की आवाज चढवतात, पण दुखावले की मापं विचारतात. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा ते खोलीच्या दाराची रुंदी विचारत बसले होते.

बापूंचं आयुष्य गेलं ते कॉलेजांसाठी गणिताचे आकार करण्यात. वहीत एका ओळीत मावणारं समीकरण घ्यायचं आणि त्याला प्लास्टरमध्ये अंग द्यायचं. इथे फुगवटा, तिथे खळगा, मध्ये पीळ. पोरांनी त्यावरून हात फिरवावा, म्हणजे जे डोक्यात शिरत नाही ते तळव्यातून शिरेल. प्राध्यापक त्या आकारांना जीभ अडखळेल अशी नावं द्यायचे. घरात मात्र उशी, खोगीर, शिंपला, जिना अशीच नावं चालायची. बापूंनी अगदी शेवटी केलेला आकार कुठूनही पाहिला तरी तोंड फिरवून बसल्यासारखा दिसे, म्हणून ती रुसकी. पूर्वी कॉलेजांना पाठवायच्या सूचीपत्रात या सगळ्यांचे फोटो असत आणि प्रत्येक फोटोत आकाराशेजारी एक लाकडी फूटपट्टी उभी असे. तो बापूंचा नियम. पट्टीशिवाय फोटो म्हणजे त्यांच्या लेखी पत्ता न लिहिलेलं पाकीट.

आणि इथे त्यांच्या पोटच्या पोरीने भिंतभर पाकिटं मांडून ठेवली होती, एकावरही पत्ता नाही.

भिंगरी पडद्याच्या दोरीशी चाळा करत उभी होती. दुपारी गॅलरीवाल्या बाई गाडी घेऊन हे फोटो न्यायला येणार होत्या. भिंगरीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की बापू हो म्हणाले तरच गाडी भरायची, नाहीतर रिकामी परत न्यायची. मिक्सर, कुकर आणि बुटांचे फोटो काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती नोकरी सोडल्यावर बापू तिच्याशी कित्येक महिने धड बोलले नव्हते. मग एके दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, तुमचे आकार द्या, मला फोटो काढायचेत. बापूंनी एकेक आकार जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यांत भरून दिला. त्यांना वाटलं, आठवण म्हणून राहतील. मोठे करून, कडेने उजेड पाडून, लोकांनी समोर उभं राहून बघावं म्हणून कुणी ते लावील, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“हा डोंगर कुठला गं?” वातावरण हलकं करावं म्हणून दादा म्हणाला. दादा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि कुठेही गेला तरी तो आधी लोकांची नाकं बघायचा.

“डोंगर नाही. उशी आहे ती.”

“आपली उशी? जिच्यावर डोकं ठेवून मी झोपायचो आणि धपाटे खायचो, ती?”

“मला तर पाठ वाटली,” आत्या म्हणाली. ती बापूंची थोरली बहीण, त्यामुळे बापूंना अरे-तुरे करणारं या जगात ते एकच माणूस उरलं होतं. ती फोटोच्या इतकी जवळ गेली, की तिचं नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. “कुणीतरी कुशीवर झोपलंय.”

“बघा!” बापू म्हणाले. “एकाला डोंगर दिसतो, एकीला पाठ. म्हणूनच पट्टी लागते.”

“म्हणूनच नाही ठेवली,” भिंगरी हळूच म्हणाली.

“मी डोंगर केला नव्हता. वीतभर आकार केला होता, मापाबरहुकूम.” बापू पुढच्या फोटोकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या. “आणि हे काय? हे ओरखडे?”

“कानशीच्या खुणा आहेत.”

“कशाच्या आहेत ते मला सांगतेस? घासलं मी. पण त्या दिसत नव्हत्या. हाताला लागत नव्हत्या, डोळ्याला दिसत नव्हत्या. तू कुठून उकरून काढल्यास?”

“उजेड समोरून घेतला असता तर आकार चपटा आला असता, बापू. जमिनीवर पडलेल्या रुमालासारखा. कडेने घेतला की जे आहे ते दिसतं. मला ते दिसायला हवं होतं.”

“तुला हवं होतं,” बापू म्हणाले.

वहिनीने थर्मास टेबलावर ठेवला. टेबलावर एका कोपऱ्यात खुद्द रुसकी बसली होती, नेहमीसारखी पाठ फिरवून. तिच्याकडे बघून वहिनीला उगाचच बरं वाटलं. निदान कुणीतरी स्वतःच्या मनासारखं वागत होतं.

*

दादा घरून निघतानाच ठरवून आला होता. गाडीत तो बायकोला म्हणाला होता, “मी मध्ये पडणार नाही. पण बापू नको म्हणाले, तर मी त्यांच्या बाजूने.”

“म्हणजे पडणारच,” ती म्हणाली होती.

त्याचं म्हणणं साधं होतं. आकार बापूंचे, घाम बापूंचा, मग नाव भिंगरीचं का व्हावं? हे त्याने तिला फोनवर ऐकवलंही होतं, आणि तिने ते उलटं उत्तर न देता ऐकून घेतलं होतं. भिंगरीने गप्प बसणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. भिंगरी हे काही तिचं लाडाचं नाव नव्हतं, ती तक्रार होती. ती चार वर्षांची असताना बापूंनी तिच्या पावलाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायला घेतला होता. “मी शंभर म्हणेपर्यंत हलायचं नाही,” असं बजावून ते मोठ्याने आकडे म्हणू लागले. चाळिशीला पोचेपर्यंत पोरगी तीनदा वळली. साच्यातून पाऊल निघालं ते आठ बोटांचं. अजूनही ते बापूंच्या कारखान्याच्या खिडकीत होतं, आणि बापू त्यात कानशी उभ्या करून ठेवत. अशी ही मुलगी मोठेपणी तासन्‌तास कॅमेऱ्याच्या स्टँडमागे निश्चल उभी राहायला लागली, हा घरातला जुना विनोद होता.

“ही रेघ कुणी काढलीय रे?” आत्याचा आवाज आला.

ती शिंपल्याच्या फोटोसमोर उभी होती. बापूंनी आकार घासून द्यायचा आणि आत्याने त्यावर काळ्या शाईने बारीक रेघा ओढायच्या, असं त्या दोघांचं काम चालायचं. फुगवट्यावरून खळग्यात, खळग्यातून पुन्हा वर, केसाएवढी रेघ, आणि ती संपेपर्यंत आत्या श्वास घ्यायची नाही. ती रेघ ओढत असताना घरात भांडं वाजवायची कुणाची हिंमत नव्हती.

“तूच काढलीस आत्या,” दादा म्हणाला. “दुसरं कोण काढणार?”

“मी?” आत्याने बोट पुढे केलं आणि काचेपासून किंचित लांब धरून ते रेघेवरून नेऊ लागली. फोटोत ती रेघ चांगली सुतळीएवढी झाली होती. “हे बघ, इथे मी दम घेतला होता. जाड झालीय बघ. आणि इथून पुन्हा सुरू. अगं बाई! किती वर्षांनी दिसली मला ही.”

दादा तिच्या बोटाकडे बघत राहिला. आत्याच्या डोळ्यांसाठी त्याने काय काय नाही केलं? दुकानातलं सगळ्यात जाड भिंग दिलं, बाहेरून मागवलं, तीनदा नंबर बदलला. दरवेळी ती म्हणायची, हो रे, छान दिसतंय, आणि घरी जाऊन रेडिओ लावून बसायची. आपल्या रेघा तिला दिसत नव्हत्या हे त्याला माहीत होतं आणि त्यावर आपल्या दुकानात इलाज नाही, हेही. तो इलाज धाकट्या बहिणीने भिंतीला टेकवून ठेवला होता.

“बापू,” तो म्हणाला, आणि बायकोने भुवया उंचावलेल्या त्याला दिसल्या. “मला वाटतं, जाऊ द्यावेत.”

“काय?”

“फोटो. गॅलरीत. आत्याला तिच्या रेघा दिसल्या. म्हणजे हे काहीतरी आहे. मला कळत नाही काय आहे, पण आहे.”

“तू तर माझ्या बाजूने आला होतास.”

“आलो होतो,” दादा कबूल झाला. “आता जागा बदलली.”

भिंगरीने भावाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आलेले बघून तो घाईघाईने म्हणाला, “लगेच रडू नकोस. पट्टी न ठेवण्याचं मला अजून पटलेलं नाही.”

बापूंनी आत्याकडे मोर्चा वळवला. “आणि तू? तू तर पहिल्यापासून हिचीच वकिली करतेस.”

सगळ्यांना वाटलं, आत्या आता भाचीच्या बाजूने किल्ला लढवणार. पण आत्या फोटोपासून मागे सरली, चाचपडत खुर्चीत बसली आणि पदराने चष्मा पुसू लागली.

“राहू दे गं भिंगरे,” ती म्हणाली. “बापूला नको आहे ना. आपण बघितले, झालं. घरीच लावू. कशाला चार लोकांत?”

“आत्या! अगं, आत्ता तर तू...” दादाला काही कळेना.

“म्हातारं माणूस बदलतं मत,” आत्या म्हणाली. पण बोलताना तिची मान एकदा खोलीच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे पार्श्वभूमीच्या कागदाची भली मोठी गुंडाळी उभी होती. मान वळली ती क्षणभरच, पण साठ-सत्तर वर्षं एका टेबलावर काम केलेल्या भावाला तेवढं पुरेसं होतं.

*

बहिणीला खोटं बोलता येत नाही, हे बापूंना लहानपणापासून माहीत होतं. लहानपणीही काही फोडलं की ती आधी त्या फोडलेल्या गोष्टीकडे बघायची.

त्यांनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली. उशी, खोगीर, शिंपला, जिना, ती दोन जुळी, झाकणवाली. आणि?

“रुसकी कुठंय?” ते म्हणाले. “तिच्या आधीची दोन कुठंयत? मी स्वतः गोधडीत बांधून दिली होती.”

“टेबलावर आहे ना रुसकी,” वहिनी म्हणाली.

“फोटो म्हणतोय मी, सूनबाई.”

भिंगरी पुढे झाली. “बापू, त्यांचे मी नाही...” तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिलाही खोटं येत नव्हतं, आत्याकडून उचललेला गुण.

बापू कागदाच्या गुंडाळीमागे गेले. भिंतीकडे तोंड करून तीन फोटो उभे होते. पहिला त्यांनी डाव्या हाताने ओढला, तो जड होता, कलला. दादा धावला. “थांब,” बापू म्हणाले, आणि खांद्याचा टेका देऊन त्यांनी तो एकट्यानेच फिरवला.

रुसकी होती.

तिच्या पाठीवर, जिथे उतार एकसारखा खाली यायला हवा होता, तिथे लाटा होत्या. वाऱ्याने वाळूवर उठाव्यात तशा बारीक, एकीला लागून एक, वरपासून खालपर्यंत. जुन्या आकारांवरच्या खुणा सरळ होत्या, एका दमात ओढलेल्या. या तशा नव्हत्या. हात बिघडलाय हे बापूंना माहीत होतं, पण इतका बिघडलाय हे माहीत नव्हतं. घासून झाल्यावर ते नेहमी तळवा फिरवून बघायचे, आणि थरथरणाऱ्या तळव्याला आताशा सगळंच थरथरतं लागायचं. त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की लाट असलीच तर ती हातात आहे, आकारात नाही.

“हे कुणी लपवलं?”

खालच्या मजल्यावरचा छापखाना रविवारमुळे बंद होता, त्यामुळे खोलीत कुणाचा श्वास अडकला तेही ऐकू येत होतं.

“मी सांगितलं तिला,” आत्या खुर्चीतून म्हणाली. “तू फोटो मोजायला लागशील म्हणूनच मघाशी राहू दे म्हटलं. ओरडायचं तर मला ओरड. दोन वर्षं झाली. पूर्वी तुझी कानस एका दमात जायची, सरसर. आता मध्ये मध्ये अडखळते. डोळे गेले असतील माझे, कान शाबूत आहेत.”

“दोन वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?”

“तू लपवत होतास. म्हटलं, लपवून याला बरं वाटतंय, तर लपवू दे.”

बापूंनी मुलाकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मला कसं माहीत असणार?” दादा म्हणाला. वहिनी खोकली. “म्हणजे, थोडं. तुमच्या चष्म्याचा स्क्रू तुम्ही नेहमी स्वतः बसवायचात. मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत. गेल्या खेपेला तुम्ही चष्मा माझ्याकडे सरकवलात आणि रस्त्यावरची गाडी बघायला लागलात. रस्त्यावर गाडी नव्हती, बापू.”

“सूनबाई?”

वहिनीची मान खाली. “कप,” ती म्हणाली.

“कसला कप?”

“मी तुम्हाला चहा अर्धा कपच देते. सांडू नये म्हणून. मग परत अर्धा.”

“मला वाटायचं, तू काटकसर करतेस!”

“मी? काटकसर?” वहिनी एकदम उसळली. “आजवर कुणाला कमी वाढलंय मी? आत्तासुद्धा गच्च थर्मास भरून आणलाय!”

बापू एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. “म्हणजे सगळ्या घराला माहीत. आणि मी येडा, खिशात हात घालून घालून कोटाचं अस्तर फाडून बसलो.”

“दोनदा शिवलं मी ते,” वहिनी पुटपुटली.

आधी आत्या हसली, मग दादाला आवरेना, आणि बापूही हसले. पण हसता हसताच त्यांची नजर मुलीकडे गेली आणि चेहरा बदलला. भिंगरी हसत नव्हती.

“यांचं ठीक आहे,” बापू म्हणाले. “ही घरची माणसं. एकमेकांचं झाकतात. पण तू मघाशी काय म्हणालीस? जे आहे ते दिसायला हवं. माझ्या चांगल्या दिवसांतले ओरखडे तुला दिसायला हवेत, चार लोकांत लावायला हवेत. आणि हे? हे झाकायचे?”

“मला वाटलं, तुम्हाला लागेल.”

“लागलंच. पण लाटा बघून नाही लागलं, भिंगरे. भिंतीकडे तोंड करून ठेवलंस, ते लागलं.”

*

भिंगरीला वाटलं, आत्ता इथून जिना उतरून निघून जावं. पायाला सवय होती तशी. पण ती हलली नाही.

बापू खरं बोलत होते. रुसकीचा फोटो तिने एका रविवारी काढला होता. जुन्या आकारांना मिळाला तोच उजेड तिने रुसकीला दिला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या लाटा उठलेल्या बघून ती खाली बसली. तिला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. बापूंचा हात गेला, ही एक. आणि तिने आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो हा आहे, ही दुसरी. दुसरी गोष्ट मनात आल्याची तिला इतकी लाज वाटली, की शेवटचे तीन लावू नकोस असा आत्याचा फोन आल्यावर तिने जवळजवळ आनंदानेच तो फोटो भिंतीकडे फिरवला. आपण हे प्रेमापोटी करतोय असं ती तेव्हा स्वतःला सांगत होती.

“तो सगळ्यात चांगला आहे, बापू,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांपेक्षा. म्हणून फाडला नाही. फाडायला हात धजला नाही माझा.”

बापूंनी फोटोकडे पुन्हा पाहिलं.

“मग नीट काढ,” ते म्हणाले. “पुन्हा. पट्टी ठेवून.”

“पट्टी नाही ठेवणार.”

“अगं ठेव की!” दादा ओरडला. “एका पट्टीने काय जीव जाणार आहे?”

“तू गप. चष्मे विक,” आत्या म्हणाली.

“माझं ऐक,” बापू म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं. “पट्टी मी हट्टाने नाही मागत. डोंगराला पट्टी लागत नाही, तो आपोआप होतो. हे आपोआप नाही झालेलं. हे कुणीतरी टेबलाशी बसून केलंय, एवढं बघणाऱ्याला कळायला हवं. नाहीतर ते माझं नाही राहत.”

भिंगरी विचारात पडली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की ती पट्टी म्हणजे बापूंचा कोरडेपणा आहे.

“मग हात ठेवा,” ती म्हणाली.

“कुठला?”

“ज्याने केलं, तो.”

बापूंनी सगळ्यांकडे बघितलं. मग उजवा हात खिशातून काढला. तो बाहेर येताना अस्तराचा एक धागा बोटाला अडकून आला, तो वहिनीने पुढे होऊन सोडवला. उघड्यावर तो हात सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तो थांबतच नव्हता. बघता बघता डोळा लागावा इतक्या लहान, सारख्या हेलकाव्यात तो हलत होता.

भिंगरीने रुसकीला खिडकीखालच्या टेबलावर आणलं. पडदा जरा ओढला, उजेड कडेने पडेल एवढीच फट ठेवली. बापूंना खुर्ची दिली. “सगळे जागेवर थांबा. लाकडी जमीन आहे, कुणी पाय हलवला तरी फोटो हलतो. शटर बराच वेळ उघडं राहणार आहे. मी वीस म्हणेन.”

बापूंनी हात रुसकीशेजारी ठेवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट गच्च दाबून धरलं. जबडा आवळला. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

“मनगट सोडा, बापू.”

“हलेल तो.”

“हलू दे.”

“फोटो खराब होईल.”

“आठ बोटांचं पाऊल तुम्ही फेकलंत का?”

बापूंची पकड सैल झाली. मग त्यांनी डावा हात हळूहळू काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“एक,” भिंगरी म्हणाली. ती मोठ्याने आणि सावकाश आकडे म्हणत होती, ते म्हणायचे तसे. आत्याने श्वास रोखून धरला होता, जणू पुन्हा रेघ ओढायची होती. दादाला शिंक येत होती, त्याने नाक दाबलं. बापूंचा हात चालला होता, आणि त्याला आज कुणी थांबवत नव्हतं. “अठरा. एकोणीस. वीस. झालं. श्वास घ्या सगळ्यांनी.”

दादा सणसणीत शिंकला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो उमटला तसे सगळे गर्दी करून वाकले. रुसकी स्पष्ट होती, तिच्या पाठीवरची लाट न्‌ लाट मोजून घ्यावी इतकी. शेजारी बापूंचा हात. मनगट ओळखू येत होतं, तिथून पुढे तो थंडीतल्या श्वासासारखा पुसट होत गेला होता.

“किती बोटं आली?” बापूंनी विचारलं.

भिंगरीने मोजून बघितली. “आठ. नऊ असतील.”

“तुझ्यापेक्षा एक जास्त,” बापू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

आत्या पडद्याला नाक लावून बसली होती. लाटांवरून तिने बोट फिरवलं, मग हातावरून. “एका घरची दिसतात दोघं,” ती म्हणाली.

खाली गाडीचा भोंगा वाजला. दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “गॅलरीवाल्या बाई आल्या. काय सांगू? रिकामी परत न्या म्हणू?”

भिंगरीने वडिलांकडे बघितलं नाही. ती स्टँडचा स्क्रू पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिली.

“वर बोलाव,” बापू म्हणाले. “सगळे घेऊन जा म्हणावं, ते तिन्हीसुद्धा. आणि हा आत्ताचा छापून झाला की दारातच लावायचा. सगळ्यात पुढे.”

“आणि पट्टी?” दादाने विचारलं. त्याला शेवटपर्यंत धीर म्हणून नव्हताच.

“दिसत नाही का तुला? ठेवलीय की.”

भिंगरी वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

वहिनीने थर्मास उघडला. कप मांडले आणि बापूंचा कप काठोकाठ भरून त्यांच्यासमोर ठेवला. बापूंनी एकदा कपाकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं, मग उजव्या हाताने कप उचलला. थोडा चहा बशीत गेला, थोडा कोटावर, थोडा लाकडी जमिनीवर. उरलेला त्यांनी चवीने प्यायला, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत कुणी दुसरीकडे बघितलं नाही.